कोपऱ्यापासून वीस फूट

टॅनर्स फेरी, पेन्सिल्व्हेनिया
९ मार्च, सोमवार

प्रिय लुडमिलाताई,

धाकटीने थोरलीला करावा तितक्या आदराने तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा, कारण गेल्या पत्रात तुझ्यापेक्षा त्याच्याबद्दलच अधिक मजकूर होता. तो आता वाकतो का? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मी इथे बसून सांगू शकते. आईही करत नसे. तिकडे यंगस्टाऊनचा बर्फ हटला असेल तर तुम्ही भाग्यवान. इथे काल पुन्हा घोटा बुडेल इतका पडला. माझी प्रकृती उत्तम आहे. एमिलची प्रकृतीही उत्तम आहे. फक्त डोळे तेवढे नाहीत. नजरेच्या मधोमध जो करडा डाग होता, तो आता रुंदावला आहे. समोर बसलेल्या माणसाचं तोंड त्याला दिसत नाही, पण कडेने चिमणी उडाली तर तो मान वळवतो. (शेजारीण स्टेला हृष्का हिच्या बाबतीत तोंड न दिसणं ही सवलतच म्हणायची.)

तू विचारलंस की नाताळापासून माझं पत्र का नाही. ताई, मी गेले सतरा महिने आमच्या नगरपालिकेच्या वाहतूक सुरक्षा व पार्किंग समितीशी पत्रव्यवहार करते आहे, आणि जिने चाळीस वर्षं विद्यापीठात लॅटिन शिकवलं, तिला या समितीचं एक पत्र वाचल्यावर घरच्यांना लिहायला अंगात भाषाच उरत नाही. पण आज लिहायलाच हवं, कारण शुक्रवारी माझ्यावर एक अन्याय होणार आहे, आणि त्याची साग्रसंगीत हकीकत कुटुंबात कोणाकडे तरी असावी अशी माझी इच्छा आहे.

मूळ गोष्ट तुला ठाऊक आहे, पण तू ती अर्धवट ऐकली असणार (तू फोनवर नेहमी मध्येच चुलीवरचं काहीतरी ढवळायला जातेस). एमिल रोज सकाळी हॉथॉर्न स्ट्रीट ओलांडून समोरच्या व्हेरोनिकाच्या बेकरीत जात असे, खसखशीचे दोन रोल घेत असे, व्हेरोनिकाकडून गावातल्या मृत्यूंची आणि बाळंतपणांची माहिती घेत असे, आणि परत येत असे. दिवसभरात माझ्याशिवाय तो करत असे अशी ही एकच गोष्ट. ज्या माणसाने एकतीस वर्षं याच टेकडीवरून चौदा नंबरची बस एकही ओरखडा न पडू देता चालवली, त्याच्याकडे स्वतःचा म्हणून आता तेवढा रस्ता उरला होता. एका फुटपाथपासून दुसऱ्या फुटपाथपर्यंतचा. परवाच्या वर्षी ऑक्टोबरात तो आमच्या कोपऱ्यावरून रस्त्यात उतरला आणि एका लॉन्ड्रीच्या ट्रकने असा ब्रेक मारला की आमच्या खिडकीची काच थरथरली. मी धावत बाहेर गेले. ट्रकवाला पांढराफटक पडून खाली उतरला होता. म्हणाला, "अहो बाई, आजोबा त्या व्हॅनमागून एकदम पुढ्यातच आले हो! मला दिसणार कसे?" मी त्याच्या ट्रकचा नंबर उतरवून घेतला आणि त्याला सुनावलं की भरधाव येणाऱ्यांना जगात सगळ्याच गोष्टी एकदम पुढ्यात आलेल्या वाटतात. एमिल व्हॅनला हात टेकून उभा होता. "अगाथा, ती गाडी जरा..." असं काहीतरी तो म्हणू लागला, पण त्याचे ओठ थरथरत होते, म्हणून मी त्याला गप्प बसवलं, घरात नेलं, चहा दिला, आणि त्याच दुपारी समितीला चार पानी अर्ज लिहिला: कोपऱ्यावर थांबा-पाटी बसवावी आणि पांढरे पट्टे मारून पादचाऱ्यांसाठी वाट आखावी.

तोवर मी एमिलला एकट्याने रस्ता ओलांडायची बंदी केली. तेव्हापासून तो खिडकीत बसतो. रोल मी आणते. ते तो खातो, पण त्यातला अर्धा ठेवून देतो. पूर्वी ठेवत नसे.

आता या समितीबद्दल. हिचे सदस्य पाच. सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी साडेतीनला, नगरपालिकेच्या तळघरात. म्हणजे ज्याला नोकरी आहे, पोर शाळेतून आणायचं आहे किंवा पायऱ्या उतरता येत नाहीत, त्याने वाहतुकीबद्दल मत बाळगू नये अशी व्यवस्था आधीच केलेली. बाहेर गाड्यांसाठी सहा जागा आहेत, त्यांतल्या पाच समितीसाठी राखीव. सहावीत गेली तीन वर्षं बर्फ हटवायची एक मोडकी गाडी उभी आहे. अध्यक्ष रेमंड स्टॅचेल हे गावातल्या अंत्यविधीगृहाचे मालक. रस्त्याच्या सुरक्षिततेचं काम या गृहस्थाकडे सोपवावं हे ज्याला सुचलं, त्याचा मला शोध घ्यायचा आहे. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात, आणि ती मोजायला अध्यक्षांनी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवलं आहे. माझ्या पहिल्या भाषणात मी रोमन रस्त्यांच्या बांधणीपासून सुरुवात केली (दुसरी सुरुवात कोणती असणार?), आणि मी रोमच्या वेशीबाहेर पडते न पडते तोच टोमॅटो किणकिणला. "आभारी आहोत, बाई," स्टॅचेल म्हणाले. त्या आवाजात ते विधवांशी बोलत असणार.

मग कळलं की नुसता अर्ज चालत नाही, ठराविक छापील नमुना लागतो, आणि त्यावर आमच्या गल्लीतल्या चोवीस घरांपैकी अठरांच्या सह्या. मी घरोघर फिरले. ताई, लोकांच्या दारात उभं राहिल्याशिवाय माणूस किती बोलतो याची कल्पना येत नाही. म्हाताऱ्या कोव्हालिकने सही केली, पण आधी मला त्याच्या प्रोस्टेटचा संपूर्ण इतिहास ऐकवला. स्टेला हृष्काने दार उघडून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एमिलसाठी करते गं सही," ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही. तुझी ती खुर्ची मी विसरलेले नाही." (खुर्चीचं पुढे सांगते.) अठरा सह्या झाल्या. तो नमुना समितीने परत पाठवला. कारण त्यातलं एक वाक्य असं रचलं होतं की धोका पादचाऱ्यांना आहे की पादचाऱ्यांपासून आहे हे कळत नव्हतं, म्हणून मी ते खोडून समासात नीट लिहून दिलं होतं. "नमुन्यात फेरफार केल्यामुळे अर्ज रद्द." मला पुन्हा अठरा दारं चढावी लागली. कोव्हालिकच्या इतिहासात दरम्यान एका प्रकरणाची भर पडली होती.

त्यानंतर मोजणी. रस्त्यावर आडव्या दोन रबरी नळ्या टाकतात. गाडी वरून गेली की पेटीत आकडा वाढतो. या नळ्या नगरपालिकेने नेमक्या त्या आठवड्यात टाकल्या, ज्या आठवड्यात खालचा पूल दुरुस्तीसाठी तिनेच बंद ठेवला होता. आठवडाभरात त्र्याहत्तर वाहनं. त्यांतली चौदा मी स्वतः. समितीने निष्कर्ष काढला की हॉथॉर्न स्ट्रीट हा गावातला सर्वांत शांत रस्ता आहे, आणि आमचं अभिनंदन केलं. शिवाय थांबा-पाटीसाठी एकाच कोपऱ्यावर बारा महिन्यांत पाच अपघात झालेले असावे लागतात. ट्रक थांबला, म्हणून आमच्या खात्यात शून्य. सप्टेंबरच्या सभेत मी उभी राहून म्हटलं की माझा नवरा फार तर एकदा मरू शकतो. उरलेले चार समिती आपल्यातून पुरवणार आहे काय? पाच सदस्य आहेत, एक शिल्लकही राहील. सभागृह हसलं. स्टॅचेल हसले नाहीत. "बाई, ही चौकट आम्ही आखलेली नाही," ते म्हणाले. ते हे प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणतात. त्या तळघरात ज्याने काही केलं आहे असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझ्या त्या प्रश्नाचा परिणाम मात्र झाला. नोव्हेंबरात त्यांनी पाहणीला टेरेसा ओकोरो नावाची तरुण अभियंता पाठवली. सांगायला हरकत नाही, या सगळ्या प्रकरणात मला आवडलेली ही एकमेव व्यक्ती. चाकाच्या काठीने तिने कोपरा न् कोपरा मोजला. रस्त्यात ओणवी झाली. एमिलच्या उंचीची खूण काठीवर करून ती फुटपाथच्या कडेला धरली आणि मग उताराच्या बाजूला जाऊन, ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून, पुन्हा पुन्हा पाहिलं. असं नीटनेटकं काम मी नगरपालिकेकडून कधी पाहिलं नव्हतं. मग तिने विचारलं, "ही उंच हिरवी व्हॅन कोणाची?" "माझी," मी म्हटलं. "रोज इथेच असते?" "अकरा वर्षं." "अगदी कोपऱ्याला?" मी तिला समजावून दिलं की या टेकडीवर सपाट अशी तेवढीच एक जागा आहे, बाकी सगळीकडे गाडी घसरते, आणि आमच्या गावचा नियम असा की पादचाऱ्यांच्या आखलेल्या वाटेपासून वीस फुटांत गाडी लावू नये, पण इथे मुळात वाट आखलेलीच नाही, तेव्हा नियमाचा प्रश्नच येत नाही, हे मी स्वतः मूळ मसुदा काढून तपासलं आहे. तिने ते सगळं लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होती. माझं म्हणणं इतक्या आस्थेने कोणी टिपून घेतल्याला वर्षं झाली, म्हणून मी तिला कॉफी आणि अक्रोडाचा रोल दिला. ती आत असताना एमिलने तिच्याकडे मान तिरकी करून पाहिलं आणि म्हटलं, "तुला दिसलं ना, पोरी?" ती म्हणाली, "हो, आजोबा." मला वाटलं, उताराबद्दल बोलत आहेत.

आता खुर्ची. तुमच्या गावी काय चालतं ठाऊक नाही, पण इथे बर्फ पडला की ज्याने जागा उपसली त्याची ती जागा, आणि गाडी घेऊन बाहेर जाताना त्या जागेवर एक खुर्ची ठेवून जायची. कायद्यात याला कुठेही आधार नाही. पण आमच्या लोकांनी दहा आज्ञांपैकी एखादी मोडली तरी पाद्री चहाला बोलावतो, दुसऱ्याची खुर्ची हलवली तर चुलत भावंडंही तोंड फिरवतात. माझी जागा मी दर हिवाळ्यात स्वतःच्या हाताने उपसते. कडा सरळ कापते, कोपरे काटकोनात. तीन वर्षांपूर्वी स्टेलाच्या भावाने माझी खुर्ची फुटपाथवर ठेवून आपली गाडी लावली, तेव्हा मी त्याच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी लॅटिनमध्ये होती. त्याने ती पाद्र्याकडून वाचून घेतली. तेव्हापासून हृष्का घराणं माझ्याशी शक्यतो एमिलमार्फतच बोलतं.

असो. फेब्रुवारीत ओकोरोबाईंचा अहवाल आला. पहिली तीन पानं निर्दोष. चौथ्या पानावर आकृती, आणि आकृतीत कोपऱ्यावर काळा चौकोन, त्याखाली दोन शब्द: "कायम उभे वाहन". शिफारस अशी: थांबा-पाटी नामंजूर, पादचाऱ्यांची वाट मंजूर. वाट आखली की वीस फुटांचा नियम लागू. म्हणजे माझ्या घरासमोर कडेला पिवळा पट्टा, आणि माझी जागा, ताई, माझी जागा कायमची रद्द. त्यासाठी घरमालकिणीची लेखी संमती शुक्रवारपर्यंत हवी, नाहीतर फाइल बंद आणि दोन वर्षं नवा अर्ज नाही.

मी सभेत विचारलं, वाट जरा खालच्या बाजूला सरकवता येणार नाही का, हृष्कांच्या दारापुढे? तिथे आगीच्या बंबाचा नळ आहे. मग वरच्या बाजूला? तिथे उतार जास्त आहे. मी म्हटलं की मी सुरक्षितता मागायला आले होते, मला लुटा असं सांगायला नव्हे. स्टॅचेल म्हणाले, "बाई, तुम्ही जे मागितलंत तेच देतोय." मग स्टेला हृष्का उठली. अकरा वर्षांत ही बाई कधी सार्वजनिक सभेत बोललेली नाही. तिने तीन मिनिटांतली दहा सेकंदं वापरली. म्हणाली, "माझा अगाथाबाईंच्या मागणीला संपूर्ण पाठिंबा आहे. पिवळा रंग कमी पडला तर आमच्या तळघरात एक डबा आहे." टोमॅटोसुद्धा त्या हशात ऐकू आला नाही.

तर अशी ही परिस्थिती. गल्लीतले सही केलेले अठराही जण आता अंगणात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघतात. कोव्हालिक परवा विचारत होता, "मग काय ठरलं प्रोफेसरबाई, नवरा की गाडी?" हा प्रश्न असा मांडणं हा शुद्ध तर्कदोष आहे आणि मी त्याला तसं सांगितलं. खरा प्रश्न असा आहे की नगरपालिकेने नागरिकाला हा पर्याय पुढे टाकावाच का. तुझा सिरिल वकील आहे. त्याला म्हणावं, समितीला एक कडक नोटीस लिही. मुदत स्थगित झाली पाहिजे आणि अहवालाचं चौथं पान मागे घेतलं गेलं पाहिजे. कच्चा मसुदा मी सोबत जोडते आहे (अकरा पानं). त्याने फक्त सही करायची आहे. भाषेला हात लावू नये.

तुझी धाकटी बहीण,
अगाथा

ता. क. १. सिरिलला हेही सांग की लॉन्ड्रीच्या ट्रकचा नंबर माझ्याकडे आहे.

ता. क. २. मंगळवार सकाळ. पाकीट बंद करायच्या आत लिहिते. आज आठला मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. बर्फ उपसून ठेवला होताच. व्हॅन काढली, जागेवर खुर्ची ठेवली, गेले. पाऊण तासाने परत आले तर खुर्चीवर माणूस बसलेला. एमिल. डोक्यावर बसची जुनी टोपी, मांडीवर कागदी पिशवी. पिशवीतून वाफ येत होती. मी व्हॅन तशीच भर रस्त्यात उभी करून खिडकीची काच खाली केली, आणि काय बोलावं हे मला सुचलं नाही. (हे तू कोणाला सांगू नकोस.) तो म्हणाला, "गाडी नव्हती ना आज. पार खालच्या वळणापर्यंत दिसलं मला. कडेने. आणि त्यांना मी दिसलो. तीन जण थांबले, अगाथा. एकाने तर हात केला." मी विचारलं, मग हे इतके महिने तू बोलला का नाहीस? "ऑक्टोबरातच सांगत होतो की," तो म्हणाला. "तू अर्ज लिहायला बसलीस." एकतीस वर्षं ज्याने या वळणावरून बस नेली, त्याला मी या सगळ्यात एकदाही विचारलं नव्हतं, ताई. मी रोमनांना विचारलं. माझ्यामागे तोवर दुधाची गाडी भोंगा वाजवू लागली, आणि वरच्या खिडकीतून स्टेला ओरडली, "ये गं अगाथा, जागा राखलीय नवऱ्याने!" मी व्हॅन तिथे लावली नाही. वर चर्चपाशी लावली आणि बर्फावरून तीन गल्ल्या चालत खाली आले. एमिल अजून खुर्चीतच होता. आम्ही तिथेच रोल खाल्ले. त्याने अर्धा ठेवला नाही.

संमतीपत्रावर सही केली आहे. त्यात दोन ठळक चुका आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही.

ता. क. ३. मसुद्याची अकरा पानं काढून घेतली आहेत. सिरिलला काही सांगू नकोस. तुझ्याकडे माझं खरं काम निराळंच आहे. आईच्या स्वयंपाकघरातल्या सहा खुर्च्यांपैकी पाच तुझ्याकडे आहेत, आणि सहावी तू गेली अकरा वर्षं मागते आहेस. मी दर वेळी कळवत आले की ती माझ्या अभ्यासिकेत, खिडकीजवळ, मानाने ठेवलेली आहे. ती अभ्यासिकेत नव्हती. आता मला तिची गरज नाही. रविवारी येऊन घेऊन जा. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचा एक पाय खालून खाल्ला आहे, पण माणूस बसला तर मोडत नाही, हे आज सिद्ध झालं आहे. फक्त येशील तेव्हा गाडी घरासमोर उभी करू नकोस, खुर्ची उचलण्यापुरती पाच मिनिटंसुद्धा नाही. चर्चपाशी लाव आणि चालत ये. गुडघ्याचं मी पाहीन. तुझी गाडीही उंच आहे.